हवेत काय चढतं

वखारीत त्यांना सगळे तराजू म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याने चिडवायला ठेवलं होतं, पण ते अंगाला असं बसलं की हजेरीच्या वहीतही मुकादमाने तेच लिहिलं आणि कुणाला त्यात चूक दिसली नाही. फक्त धाकटी त्यांना जाऊबाई म्हणायची, कारण ती खरोखरच त्यांची धाकटी जाऊ. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, राहायला एका घरात, आणि एकोणीस वर्षं एकाच ढिगाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्या.

वखार जुन्या कपड्यांची. लोकांनी अंगावरून उतरवून टाकलेलं सगळं तिथे गठ्ठे होऊन यायचं. कोट, पायजमे, चादरी, शाळेचे गणवेश, कुठल्याशा हॉटेलाने एका दमात फेकलेले तीनशे टॉवेल. बायकांनी त्यांची बटणं, चेन, हुक काढायचे आणि कापड कशाचं ते ओळखून ज्याच्या त्याच्या हौदात टाकायचं. ऐकायला सोपं. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एक दिवस येऊन मांडी घालून बसावं. शुद्ध असं जगात आता काही उरलेलंच नाही. शर्टात सूत आणि पॉलिस्टर, स्वेटरात लोकर, नायलॉन आणि तिसरंच काहीतरी. म्हणून वखारीत कुणी ‘हे काय आहे’ असं विचारत नसे. विचारायचं ते एवढंच, ‘काय चढतं?’ म्हणजे या मिसळीत वरचढ कोण. उत्तरही तेवढंच. सूत चढतं. लोकर चढते. नायलॉन चढतं. जे चढेल त्याच्या हौदात कापड, विषय संपला.

बाकीच्या बायका फाडून बघायच्या, उजेडात धरायच्या, अडलं तर काडी लावायच्या. सूत कागदासारखं जळतं, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर आक्रसून त्याचा काळा मणी होतो. जाऊबाईंना काडी लागत नसे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एकदा चोळलं की निकाल. फारच अवघड असलं तर चिंधी खालच्या ओठाला लावायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या, आणि नुसतं नाव नाही, आकडा सांगायच्या. “सूत चढतं. शंभरात साठ.”

हे त्यांना शिकवलं कुणी नाही. बाविसाव्या वर्षी त्या बटणं काढायला म्हणून आल्या तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण प्रत्येक कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर काहीतरी छापलेलं असतं, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. दुपारी डबा खाताना त्या एकेक चिठ्ठी पुढे धरून मुकादमाला विचारायच्या, हे काय, ते काय. अशा त्या आधी टक्के शिकल्या आणि अक्षरं मागून. दोन वर्षांत चिठ्ठ्या वाचायला लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी चिठ्ठ्या खोटं बोलतात हेही त्यांना कळलं. ‘शंभर टक्के लोकर’ असं ऐटीत लिहिलेला कोट त्यांनी बोटांत धरला आणि म्हणाल्या, “शंभर? अर्धी पण नाही. लिहिणाऱ्याने कोट घालून तरी बघितला होता का?” काडी लावून बघितलं. मणी झाला.

एकदा मुकादमाने त्यांची परीक्षा घेतली. डोळ्यांवर फडकं बांधलं आणि एकामागून एक आठ चिंध्या हातात दिल्या. बायका गोल करून उभ्या. सात बरोबर. आठवी त्याने हळूच पहिलीचीच पुन्हा दिली.

“ही मघाचीच की रे,” जाऊबाई म्हणाल्या. “फक्त तुझ्या हाताला घाम सुटलाय तो लागलाय.”

बायका हसून लोळल्या. धाकटी मात्र हसली नाही. ती त्या दोन बोटांकडे बघत होती. तिचीही दोन बोटं तशीच होती, तेवढीच सुरकुतलेली, सुईने तेवढीच टोचलेली. मग त्यांना जे कळतं ते हिला का कळू नये? हा प्रश्न तिने पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारला, आणि दर वेळी त्याच्या शेवटी मत्सराऐवजी नुसतं नवलच वाटायचं.

मग धाकटीची छाती धरायला लागली. सुटीनंतर कामाचा पहिला दिवस आला की दुपारपर्यंत श्वासाला कुणीतरी गाठ मारल्यासारखं व्हायचं. आठवड्याच्या मध्यावर जरा सैल, सुटीला घरी बरी, आणि पुन्हा पहिला दिवस, पुन्हा गाठ. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, यंत्राची सुई बघितली आणि सांगितलं, हा सुताच्या धुळीचा रोग आहे. लवकर धुळीतून बाहेर काढली तर बरी होईल.

बाहेर काढायची कशी, ते नियमात होतं. दुखणं कामाचं ठरलं तर वखारीने औषधपाणी करायचं, धूळ नसलेल्या जागी काम द्यायचं आणि हवा ओढणारे पंखे बसवायचे. कामाचं ठरलं नाही तर दुखणं ज्याचं त्याचं, आणि काम होत नाही म्हणून वहीतून नाव कमी. आणि कामाचं ठरायला वखारीतल्या धुळीत सूत चढलं पाहिजे. नियम लिहिणाऱ्यांनी जड भाषेत लिहिलं होतं, पण म्हणायचं होतं तेच.

धाकटीच्या नावाने अर्ज गेला. मालकाने त्याला उत्तर धाडलं. आमच्याकडे शंभर गठ्ठ्यांतले सत्तर कृत्रिम धाग्याचे, वह्या पाहाव्यात. सदर बाईच्या घरात ओल असावी.

“ओल त्याच्या डोक्यात,” जाऊबाई म्हणाल्या. पण त्यांनी ते पत्र चार वेळा वाचून घेतलं.

तपासणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी जाऊबाई धाकटीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच वखारीतल्या बायकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. बाहेरचं माणूस येणार, सरकारी माणूस येणार, आणि आपली जागा अशी? त्यांनी जमीन झाडली, धुतली, छताच्या पंख्यांची पाती पुसली, दिव्यांच्या टोप्या पुसल्या, खिडक्यांच्या गजांना ओलं फडकं मारलं. मुकादमाने न मागता चार नवे झाडू आणून दिले. फिनेलही दिलं. तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

सकाळी दोघी जावा दारात आल्या आणि जाऊबाई उंबऱ्यावरच थांबल्या. वखार लग्नघरासारखी लखलखत होती.

“कुणी सांगितलं हे करायला?”

“कुणी नाही, तराजूबाई. आमच्या मनानेच,” बायकांतली एक चष्मेवाली म्हणाली. ती शाबासकीची वाट बघत होती. “पाहुणं येणार म्हणून.”

“पाहुणं धूळ बघायला येतंय, बायांनो. तुम्ही पाहुण्याच्या पुढ्यातलं ताटच उचलून ठेवलंत.”

मग सगळ्यांना एकदम कळलं. चष्मेवालीने तोंडावर हात धरला. कुणी कुणाकडे बघेना. जाऊबाईंचा राग वखारीला ठाऊक होता. तो फुटला की हौदातलं कापडसुद्धा बाजूला सरकतं असं बायका म्हणायच्या. पण त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी वर बघितलं, भिंती बघितल्या, सगळीकडे बघितलं, आणि ढिगाशी जाऊन बसल्या.

तपासणीच्या मॅडम अकराला आल्या. उंच, कोरड्या, दिवसभरात अजून तीन ठिकाणी जायचं आहे अशा चालीच्या. मालकाने वह्या पुढे केल्या. मॅडमनी आकडे बघितले, सत्तर ते सत्तरच होते, त्यात खोट नव्हती. मग त्यांनी छोट्या कुंच्याने जमिनीवरून धूळ घ्यायचा प्रयत्न केला. कुंचा ओला झाला.

“जागा स्वच्छ ठेवता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“तशी शिस्तच आहे आपल्याकडे,” मालक म्हणाला.

मॅडमनी पेन काढलं. त्या पेनाच्या टोकाला धाकटीची एकोणीस वर्षं लोंबत होती.

“मॅडम,” जाऊबाई उठून म्हणाल्या, “वहीत लिहिलंय ते खरं आहे. गठ्ठ्यात पॉलिस्टरच चढतं. पण आम्ही गठ्ठा कुठे हुंगतो? आम्ही हवा हुंगतो. हवेत काय चढतं ते त्या वहीत कुठल्या पानावर आहे?”

मालक हसला. “जे गठ्ठ्यात तेच हवेत. साधा हिशोब आहे.”

“साधा आहे म्हणूनच चुकतोय.”

त्यांनी ढिगातून दोन शर्ट काढले. वरच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा तिरका खाली येत होता. पहिला शर्ट त्या पट्ट्यात धरून त्यांनी झटकला, पुन्हा झटकला. उन्हात दोनचार कण चमकले आणि विझले. “हे पॉलिस्टर. याचा धागा लांब असतो, चिवट. तुटत नाही.” मग दुसरा, धुऊन धुऊन विरलेला सुती. एकच झटका. उन्हाचा पट्टा दुधासारखा भरला. धूळ खाली पडेचना. ती तिथेच फिरत राहिली, हळू, वर, आणखी वर, जणू तिला कुठे जायचं ते ठाऊक होतं.

एकोणीस वर्षं धाकटी त्या धुळीत बसली होती, पण ती धूळ तिने बघितली अशी त्या दिवशीच. हे आपल्या आत गेलं, एवढं सुंदर दिसणारं, असं तिच्या मनात आलं.

मॅडमचं पेन थांबलं होतं. “पण मला झटकलेली चालत नाही, बाई. साचलेली धूळ लागते. ती तुमच्याकडे नाही.”

“आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “साहेबांच्या डोक्यावर आहे.”

मालकाचा हात नकळत केसांकडे गेला. बायकांत खुसखुस झाली. पण जाऊबाई बोट दाखवत होत्या ते त्याच्या केबिनकडे. वखारीच्या कोपऱ्यात फळ्यांची आणि काचेची एक खोकी होती, आत टेबल, कपाट, थंड हवेचं यंत्र. खोकीला वरून फळ्यांचं झाकण. त्या झाकणावर कोण बघायला जातंय? काचा रोज पुसल्या जायच्या, पण छपरावर कुणाची नजरसुद्धा कधी गेली नव्हती. बायकांच्या झाडूला तेवढंच सुटलं होतं.

“शिडी मोडलीय,” मुकादम घाईने म्हणाला.

“मोडू दे. तुझ्या शिडीवाचून आमचं काय अडतंय?” चष्मेवाली म्हणाली, आणि काल जिने जमीन घासली होती तिनेच पहिला गठ्ठा ढकलला. बायकांनी गठ्ठ्यावर गठ्ठा लावून पायऱ्या केल्या. हे काम त्या रोज करत, त्यांना पाच मिनिटं लागली. जाऊबाई वर गेल्या. मग मॅडमनी एक क्षण विचार केला, चपला काढल्या, फाइल मुकादमाच्या हातात दिली आणि त्याही गेल्या. मागोमाग धाकटी, धापा टाकत, कारण वहीतून नाव तिचं जायचं होतं.

वर एक मऊ, करडं रान पसरलेलं होतं. हातभर उंचीचं नव्हे, बोटभरच, पण सलग, कुठे चीरही नाही. एका पालीच्या पावलांची बारीक रांग त्यावरून जाऊन कोपऱ्यात नाहीशी झाली होती. मॅडमनी श्वास रोखला. आपलं बोलणंसुद्धा त्याला लागेल अशा बेताने त्या म्हणाल्या, “हे कधीपासूनचं?”

“केबिन बांधली तेव्हापासूनचं. सोळा वर्षं.”

जाऊबाईंनी बटणं काढायच्या सुरीने त्याचा चौकोन कापला आणि तो तळहातावर उचलला. आडवा धरला तर त्याला थर होते. पांढुरका, निळसर, काळपट, पुन्हा पांढरा. त्यांनी वरचा पापुद्रा चिमटीत धरला.

“हे तीनचार वर्षांचं. सूत चढतं. शंभरात ऐंशी.” खालचा निळा. “हे गणवेश आले होते ते. तेव्हाही सूतच. जरा कमी, सत्तर धरा.” मॅडम छोट्या वहीत लिहीत होत्या. आता त्या घड्याळ बघत नव्हत्या. जाऊबाई वर्षं उलटत होत्या, एकेक, आणि प्रत्येक वर्षात काय आलं, काय झडलं, ते बोटांनी वाचत होत्या. ज्या बाईला कॉलरमधल्या चिठ्ठ्यांनी अक्षर शिकवलं, तिच्या हातात ही सोळा पानांची पोथी होती आणि ती लिहिणारं कुणीच नव्हतं.

काळपट थरापाशी त्या अडल्या. चोळला. ओठाला लावला. खालून काडीपेटी मागून घेतली, काडी, लावली, वास घेतला.

“लोकर?” मॅडमनी विचारलं.

“वास तसाच. पण लोकर नाही. हे कापडच नाही.” त्यांनी बोटं पदराला पुसली. “मला कळत नाही.”

धाकटीने त्यांच्या तोंडून हे तीन शब्द एकत्र कधी ऐकले नव्हते.

“वाटेल ते ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं की,” खालून मुकादम म्हणाला.

“ते तुझ्या वहीत चालतं,” जाऊबाई म्हणाल्या.

मॅडमनी तीन चौकोन स्वतःच्या हाताने कापून पाकिटांत बंद केले, वर सह्या घेतल्या. मालकाने सही केली. केबिनच्या आत बसून केली, त्या छपराखालीच.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचा कागद आला. चष्मेवालीने तो वखारीच्या मधोमध उभं राहून वाचला. वरच्या थरात सूत अठ्ठ्याहत्तर टक्के. निळ्या थरात एकाहत्तर. सगळ्यांत खालच्या थरातही सूतच. रोग कामाचा, पंखे बसवावेत, सदर कामगार स्त्रीवर वखारीने उपचार करावेत, वखारीतल्या सर्व स्त्रियांची छाती तपासावी.

“अठ्ठ्याहत्तर?” जाऊबाई म्हणाल्या. “दोन कमी सांगतायत. त्यांचा काटा बघून घ्या म्हणावं.”

मग चष्मेवालीने ती काळपट थराची ओळ वाचली. प्रामुख्याने मानवी केस आणि त्वचेचे कण.

कोणालाच काही उमजेना. शेवटी मुकादमच बोलला, तोही हळू. ते वर्ष माल बंद होता ते. सात महिने गठ्ठे आलेच नव्हते. पण बायका रोज येत होत्या, आठाच्या ठोक्याला, आणि रिकाम्या हौदांपुढे बसून राहत होत्या, कारण उठलं की जागा गेली. सुताचं काही झडलं नाही त्या वर्षी. ज्या बसल्या होत्या त्याच झडल्या. त्या एका थरात माणसं चढली होती.

चष्मेवालीने कागदाची घडी घातली. कितीतरी वेळ कुणी ढिगाला हात लावला नाही. धाकटीने केबिनच्या छपराकडे बघितलं. तिथे वर तिचेही केस होते, पंचविशीतल्या पोरीचे, काळेभोर.

पुढच्या आठवड्यात बायकांना चारचारच्या गटाने दवाखान्यात नेलं. धाकटीचे उपचार सुरू झालेच होते. ती सोबत म्हणून आली. एकेकीने नळीत फुंकलं. कुणाची सुई वर, कुणाची जरा खाली. जाऊबाई सगळ्यांत शेवटी बाकावर बसून होत्या आणि आपल्याला काय झालंय, आपल्याला नका धरू, असं दर दोन मिनिटांनी म्हणत होत्या. शेवटी डॉक्टरांनी नळी त्यांच्या हातात दिलीच.

त्यांनी फुंकलं. सुई हलली आणि तिथेच बसली. डॉक्टरांनी यंत्राला टिचकी मारली.

“पुन्हा.”

पुन्हा तेच. धाकटीची सुई पहिल्या दिवशी जिथे होती त्याच्याही खाली, कितीतरी खाली.

“किती वर्षं झाली दम लागून?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिच्या आधीपासून. सातआठ धरा.”

“मग बोलला का नाहीत? हिच्याबरोबर अर्ज करायचा.”

जाऊबाईंनी नळी पुसून टेबलावर ठेवली. “दोघींचं एकदम काढलं असतं तर मालक काय म्हणाला असता? बघा, एकाच घरातल्या दोघी. घरातच ओल आहे. झालं, कागद बंद. एकीचंच पुढे केलं म्हणून तपासणीच्या मॅडमना वखारीत यावं लागलं.”

“पण मग तुमचंच का नाही पुढे केलंत?” धाकटी म्हणाली. “तुमचं जास्त होतं.”

“म्हणूनच. डॉक्टरच म्हणाले होते ना, लवकर काढली तर बरी होते. जिचं बरं व्हायचंय तिचं आधी.” मग धाकटीकडे बघून त्या वैतागल्या. “आता रडतेस कशाला? पंखे लागतायत ना?”

सातआठ वर्षं. समोरासमोर बसून, एका घरात झोपून, आणि हिला पत्ता नाही. धाकटीला त्या गठ्ठ्यांच्या पायऱ्या आठवल्या नाहीत, ऐंशी आणि सत्तर आठवलं नाही. तिला नुसतं समोरचं माणूस दिसत होतं आणि ते डोळ्यांत मावत नव्हतं.

डॉक्टरांनी रुग्णांचं रजिस्टर ओढलं. धाकटीच्या नावाखाली एक ओळ मोकळी होती. ते तिथे लिहायला लागले.

“खाली नको,” धाकटी म्हणाली. डोळे पुसून ती टेबलाशी आली आणि तिने पानाच्या माथ्यावर, छापील रेघेच्याही वर, जिथे काही लिहायचं नसतं तिथे बोट ठेवलं. “इथे लिहा. त्या मोठ्या आहेत.”